कोरोनाची लस, हार्ट अटॅकची भीती आणि अडीच महिन्यांच्या बाळाचे राहिलेले डोस

अमळनेरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांच्या आईचं वय ६९, मधुमेह आहे. २०२१ मध्ये आईने कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतले, तेव्हा काही त्रास झाला नाही. गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा मित्र, वय ३१, क्रिकेट खेळता खेळता मैदानावर कोसळला आणि गेला. तेव्हापासून आई म्हणते, त्या लसीनेच पोरं जाताहेत. धाकट्या भावाची मुलगी अडीच महिन्यांची आहे. जन्मल्यावर दवाखान्यात दिले तेवढेच डोस झाले. त्यानंतर आजीने बाळाला एकही सुई टोचू दिलेली नाही, आशाताई दोनदा दारातून परत गेल्या. भाऊ विचारतात, लसीमुळे खरंच हार्ट अटॅक येतो का, आईला आता बूस्टर द्यावा का, आणि तिला समजवायचं कसं?

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या उपकेंद्रांवर आणि मधली काही वर्षं नंदुरबारच्या धडगाव भागात मी आरोग्य सेविका होते, शेवटी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. एकूण नोकरी २८ वर्षांची. आईच्या औषधांचा निर्णय तिला तपासणारे डॉक्टरच घेतील. पण लस, तिची साठवण, नंतरचा ताप आणि घरातली भीती यात माझी उमर गेली आहे, तेव्हा त्यावर खात्रीने बोलू शकते.

भाऊ, प्रश्न तुम्ही आईच्या लसीचा विचारलात, पण तुमच्या घरात आज खरी घाई पुतणीची आहे. आईने लस घेऊन इतकी वर्षं झाली, तो विषय तिच्या शरीरापुरता संपलेला आहे. बाळाचे सहाव्या आठवड्याचे डोस मात्र राहिले आहेत आणि दहाव्या आठवड्याचेही. कोरोनाच्या लसीवरचा राग पेंटाव्हॅलेंटवर, म्हणजे बाळाच्या पाच रोगांवरच्या एकत्र लसीवर, निघतोय. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आता हार्ट अटॅकचं. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत, त्या आधी सोडवायला हव्यात.

पहिली गोष्ट, कोविशिल्डने रक्ताच्या गुठळ्या होतात ही. हे खोटं नाही. या प्रकारच्या लसीनंतर फार थोड्या लोकांना गुठळी होऊन त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होण्याचा त्रास झाला. २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये, कोविशिल्ड मूळ जिची लस आहे त्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात हे मान्य केल्याची बातमी आली आणि आपल्याकडे एकच गोंधळ उडाला, जणू काही इतके दिवस लपवून ठेवलं होतं. पण डॉक्टरांना आणि आम्हाला हे २०२१ मध्येच सांगितलेलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात लसीनंतरचे त्रास तपासणाऱ्या आपल्या राष्ट्रीय समितीने तोवरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भारतात दहा लाख डोसांमागे ०.६१ इतकं प्रमाण निघालं. युरोपात ते यापेक्षा बरंच जास्त होतं. आणि तुमच्या आईसाठी महत्त्वाचं म्हणजे हा त्रास लस घेतल्यावर साधारण चार दिवसांपासून सहा आठवड्यांच्या आत होतो, तोही बहुतेक करून पहिल्या डोसनंतर. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, दम लागणं, पाय सुजणं, सुई टोचली त्या जागेपासून दूर अंगावर बारीक लाल ठिपके, अशी त्याची लक्षणं. २०२१ च्या डोसचा हा त्रास आज उगवत नाही.

दुसरी गोष्ट, हृदयाच्या स्नायूला सूज येणं. ही नोंद प्रामुख्याने फायझर आणि मॉडर्ना यांच्या लसींनंतर, तरुण मुलांमध्ये, डोसनंतरच्या पहिल्या काही दिवसांत झाली. आपल्या सरकारी मोहिमेत या दोन लसी नव्हत्याच. आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड नाही तर हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. परदेशातली बातमी मोबाईलवर मराठीत येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही आपल्याच दंडात गेलेल्या लसीबद्दल आहे.

तिसरी गोष्ट, तरण्याताठ्या माणसाचं अचानक जाणं. यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या ४७ मोठ्या रुग्णालयांतून अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये छापून आला. १८ ते ४५ वयातले, वरकरणी धडधाकट असलेले आणि कारण न कळता अचानक गेलेले ७२९ जण त्यात घेतले. एकेकासमोर त्याच वयाचे, त्याच परिसरातले चार जिवंत लोक ठेवले, असे २,९१६. मग दोन्हीकडे पाहिलं, कोणी लस घेतली होती, कोणाला कोरोना झाला होता, घराण्यात काय होतं. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोरोनाने दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं असणं, घराण्यात आधी कोणी असं अचानक गेलेलं असणं, मृत्यूच्या आदल्या एक-दोन दिवसांत भरमसाट दारू किंवा नशा, आणि त्याच काळात अंगावर आलेले जबर कष्ट.

हा अभ्यास तुमच्या भावाच्या मित्राबद्दल काहीच सांगत नाही, हे मी मुद्दाम सांगते. तो कशाने गेला ते त्याचे कागद आणि शवविच्छेदन झालं असेल तर त्याचा अहवाल पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. पण एक विचार करून पाहा. आज आपल्या भागात तिशी-चाळिशीतला कोणीही गेला तर त्याने लस घेतलेली असण्याचीच शक्यता जास्त, कारण जवळजवळ सगळ्यांनीच घेतली आहे. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली आणि १७ जुलै २०२२ ला देशात २०० कोटी डोस पूर्ण झाले. मैदानावर गेलेल्या माणसाच्या पायात बूट होते म्हणून बुटाने घात केला असं आपण म्हणत नाही. लस मात्र आठवते, कारण तिची भीती आधीपासून मनात बसलेली आहे.

तुमच्या आईच्या मनात ती कधी बसली हेही आठवून पाहा. मे २०२१ मध्ये, आपल्याकडे दुसरी लाट ऐन भरात असताना, ‘लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार’ असा मेसेज फिरत होता. कुठल्या तरी परदेशी शास्त्रज्ञाचं नाव त्याला चिकटवलेलं होतं आणि त्याने तसं म्हटलेलंच नव्हतं. ती दोन वर्षं मे २०२३ मध्ये संपली. तुमची आई देवाच्या दयेने समोर बसली आहे. पण असा मेसेज खोटा ठरला तरी त्याची भीती राहते, आणि ओळखीतलं एखादं मरण झालं की वर येते.

माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगते. जून २०२१ ची गोष्ट. लसीची बाटली दहा डोसची असायची. उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. त्यामुळे दहा माणसं जमेपर्यंत बाटली उघडायची नाही असा आमचा नियम, आणि आठ म्हाताऱ्या ओट्यावर ताटकळत बसलेल्या. दुपार झाली, उरलेले दोघे एकदम आले, मागोमाग आणखी चौदा जण. त्या गडबडीत मी सुया देत गेले. अर्धा तास बसा म्हणाले, पण रात्री ताप येईल, अंग मोडून येईल, घाबरू नका, हे नीट बसून सांगितलं नाही. त्या रात्री एका साठीच्या बाईला १०२ ताप भरला. घरच्यांना वाटलं, आता काही खरं नाही. सकाळपर्यंत साऱ्या गल्लीत झालं की नर्सबाईच्या सुईने ती मरता मरता वाचली.

पुढच्या महिन्यात त्याच गावात बाळांचं लसीकरण होतं. यादीत अकरा बाळं होती, आली दोन. कोरोनाच्या लसीचा आणि त्या अकरा बाळांचा काही संबंध नव्हता, पण सुई तीच, पेटी तीच आणि बाईही तीच.

मी नंतर एकदा लसीची पेटी न घेता गेले आणि त्या बाईच्या ओसरीवर बसले. तिने चहा ठेवला आणि एकच विचारलं, ‘तुले माहीत व्हतं ना, मंग माले काबर नही सांगं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणाले, माझी चूक झाली, सांगायला हवं होतं. मग ताप का येतो ते सांगितलं. लसीतला विषाणू एक तर मेलेला असतो, नाही तर वाढू न शकणारा. पण शरीराला तो परका वाटतो, ते त्याच्याशी लढायची तालीम करतं आणि त्या तालमीचा ताप येतो. एक-दोन दिवसांत उतरतो. तिने ऐकून घेतलं. दुसरा डोस ८४ दिवसांनी होता, तिने तो घेतला, आणि बाळांच्या दिवशी तीच गल्लीतल्या सुनांना घेऊन आली. माझ्या आकड्यांनी तिचं मन वळलं नव्हतं. तिला पटला तो चुकीचा कबूलजबाब.

म्हणून आईशी बोलताना ‘तुला काय कळतं, सगळं सायंटिफिक आहे’ असं कृपा करून म्हणू नका. ती वेडी नाही. तिच्या डोळ्यांसमोर घरात येणारा-जाणारा पोरगा गेला आहे, तिला नातीला वाचवायचं आहे, आणि तिच्या हातात आत्ता एकच गोष्ट आहे, दार लावून घेणं. आधी त्या पोराबद्दल बोलू द्या. मग विचारा, तुला नेमकी कशाची भीती वाटते? कधी उत्तर येतं, ताप डोक्यात जाईल. कधी येतं, सुईने पाय लुळा पडेल. कधी असंही निघतं की पहिल्या दवाखान्यात कोणी तरी तिच्यावर खेकसलं होतं. ज्या भीतीला नाव आहे तिला उत्तर देता येतं. ‘लस वाईट’ एवढ्यावर वाद घातलात तर दोघंही थकाल.

आणि नातीच्या लसी कोरोनाच्या लसीसारख्या नव्या नाहीत, हे तिला सांगा. तुम्ही भाऊ लहान असताना तिनेच तुम्हाला ट्रिपलचे डोस दिले असतील. आजचं पेंटाव्हॅलेंट म्हणजे त्याच घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीत कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) यांची भर. तिच्या पिढीने घटसर्पाने आणि धनुर्वाताने गेलेली बाळं पाहिली आहेत. तिला विचारा, तिच्या माहेरी कोणाचं असं झालं होतं का. बहुतेक घरांत एक तरी नाव निघतं. लांब कशाला, २०२२ च्या शेवटी मुंबईत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली. मालेगाव धुळ्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. कोरोनाच्या काळात राहून गेलेले डोस हे त्या साथीमागचं एक मोठं कारण होतं.

एक गोष्ट आजीच्या नजरेतून सुटलेली नसणार, म्हणून सांगते. बाळाच्या डाव्या दंडावर सध्या छोटी फोडी आली असेल, कदाचित थोडा पूही असेल. ती जन्मावेळी दिलेल्या बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची. साधारण सहा आठवड्यांनी येते, पिकते, सुकते आणि वण राहतो. लस लागू पडल्याची ती खूण आहे. तिला हळद, मलम, शेक काही लावायचं नाही, फोडायची नाही. अनेक आज्या हीच फोडी पाहून ‘सुई पिकली’ म्हणून पुढच्या सुया बंद करतात. तुमच्याकडेही मैदानावरच्या मरणाआधी हे झालं आहे का, ते जरूर विचारा.

आता बूस्टरचं. ६० वर्षांवरच्या, मधुमेहासारखा आजार असलेल्यांना तिसरा डोस १० जानेवारी २०२२ पासून मिळू लागला आणि १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस सगळ्या प्रौढांना सरकारी केंद्रावर तो मोफत होता. ते दिवस गेले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, सीरमने तर कोविशिल्ड बनवणं डिसेंबर २०२१ मध्येच थांबवलं होतं. विषाणू गेलेला नाही, आणि म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गरोदर बाया यांना आजही जास्त जपावं लागतं. पण आईला आत्ता डोस हवा की नको, हे तिची साखर, किडनी, हृदय, याआधीचा आजार आणि त्या वेळी कोणती लस खरोखर उपलब्ध आहे यावर ठरेल. तिच्या डॉक्टरांना विचारा, त्याच भेटीत फ्लूच्या लसीचंही विचारून घ्या. कोणी ‘माझ्याकडे जुना साठा आहे’ म्हणून पैसे मागितले तर घेऊ नका. माझ्या मते आईसाठी आज बूस्टरपेक्षा साखर आणि बीपी ताब्यात असणं जास्त मोलाचं आहे.

आणि धाकट्या भावाची एक तपासणी करून घ्या. मित्र गेल्यावर पोरं रात्र रात्र झोपत नाहीत, छातीत धडधडतं म्हणतात. खेळताना चक्कर येणं, छातीत दुखणं, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर ईसीजी आणि डॉक्टर, लगेच. छातीत दुखून घाम फुटला तर १०८.

आता पुतणीला न्यायचं ठरलं तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणून देते. वेळ टळली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेले सहाव्या आठवड्याचे डोस आता घ्यायचे, मग चार-चार आठवड्यांनी पुढचे. दोन्ही मांड्यांना एकेक सुई, उजव्या दंडावर कातडीत एक बारीक सुई, आणि पोलिओ व रोटा (जुलाबाच्या विषाणूवरची लस) तोंडावाटे. एका दिवशी एवढं का, असं आजी विचारेल. बाळाच्या शरीराला ते झेपतं, आणि चार वेळा रडवण्यापेक्षा एकदाच रडवलेलं बरं.

लस खराब तर नसेल, अशी शंका आली तर सिस्टरला बाटली दाखवायला सांगा. बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला तर लस उन्हाने बिघडलेली नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, म्हणून आम्ही त्या चौकोनाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचो. बर्फाचे पॅकही डीप फ्रीझरमधून काढले की तसेच पेटीत भरायचे नाहीत. ते थोडे वितळू द्यायचे आणि कानाशी धरून हलवायचे. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच भरायचे, नाही तर पेंटाव्हॅलेंट गोठून वाया जातं. आजीला हे दाखवायला सांगितलंत तर कोणतीही सिस्टर आनंदाने दाखवेल. मी तर म्हाताऱ्यांच्या हातातच पॅक द्यायचे.

साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला असला तरी लस देता येते. जोराचा ताप असेल तर काही दिवस थांबतात. आधीच्या डोसनंतर झटके आले असतील, अंग सुजून श्वास अडकला असेल, किंवा बाळाला जन्मतः कोणता मोठा आजार असेल तर सुईआधी डॉक्टरांना सांगायचंच. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा, कारण जबर अ‍ॅलर्जी आलीच तर बहुतेकदा त्याच वेळात येते आणि त्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन तिथे तयार असतं.

घरी आल्यावर त्या रात्री ताप येईल, मांडी लाल आणि कडक होईल, बाळ किरकिर करेल. हे आजीला जाण्याआधीच सांगून ठेवा, माझ्यासारखं राहून जाऊ देऊ नका. पॅरासिटामॉलचे थेंब किती द्यायचे ते बाळाच्या वजनावर ठरतं, तेव्हा सिस्टरकडून लिहून घ्या. अंगावरचं दूध चालू ठेवा, मांडी चोळू नका, शेकू नका. दोन दिवसांनंतरही ताप उतरला नाही, बाळ दूध ओढेनासं झालं, तीन तासांहून जास्त एकसारखं रडत राहिलं किंवा झटका आला तर सरळ दवाखाना गाठा.

तुमच्या उपकेंद्राचा लसीकरणाचा वार आशाताईंना ठाऊक असतो. तिसऱ्यांदा त्या येण्याची वाट पाहू नका, तुम्हीच फोन करा. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, आणि बाळाला आजीच्याच मांडीवर देऊन बसवा.